शेवटचा वाटा कोणी उचलायचा

डहाणू रोडहून मसोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक धर्मादाय दवाखाना होता. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथे मुंबईहून डोळ्यांचे डॉक्टर येत. सकाळच्या गाडीने यायचे, दुपारच्या गाडीने परत जायचे. मधल्या वेळात चाळीस पेशंट तपासायचे. चाळीसच का, हे कोणी विचारत नसे. गाडीची वेळ सांभाळून तेवढेच होत असणार. किनाऱ्यावरची गावं, आतले पाडे, तलासरीपर्यंतची सगळी वस्ती, एवढ्या डोळ्यांसाठी त्या एका माणसाची एक सकाळ.

रांग उजाडतानाच लागायची, पण रांगेत माणसं कमी आणि वस्तू जास्त. चप्पल, दगड, विटेचा तुकडा, कापडी पिशवी, दुधाची किटली. वस्तू ठेवून माणसं समोरच्या चिंचेखाली बसायची. एक पेशंट आत गेला की सगळे उठायचे, आपापली वस्तू पायाने हातभर पुढे ढकलायचे आणि पुन्हा सावलीत जायचे. तासन् तास हेच. आपले डोळे दाखवायला आलेली माणसं दगड ढकलत बसलेली मी लहानपणापासून पाहत होते, आणि यात काही विचित्र आहे असं मला वाटायचं नाही. सवयीचा हाच गुण. ती आधी माणसाची लाज मारते आणि मग राग.

माझे बाबा डहाणू रोड स्टेशनात रेल्वेचे पॉइंट्समन होते आणि युनियनचे. आमच्या खोलीत कपाटापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. गुलाबी, पिवळी, हिरवी, स्वस्त कागदावरची, बोटांना शाई लागणारी. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. ‘बंधू आणि भगिनींनो’ हे मी जोडून वाचलेले पहिले शब्द. उरलेली पत्रकं आत्या घेऊन जायची आणि तलासरीच्या बाजारात सुक्या जवळ्याच्या पुड्या बांधायची. वाटलेलं पत्रक वाचलं जातं की नाही याची मला शंका आहे, पण आत्याची पुडी घरी जाऊन उघडली जायचीच.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. चिखल्याला राहायची. तरुणपणीच विधवा झाली होती. बोंबील बांबूंच्या वलांडीवर वाळत घालायचे, जवळा अंगणात पसरायचा, आणि आठवडी बाजाराला पाटी डोक्यावर घेऊन एसटीने तलासरी गाठायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. एसटीत वासावरून कोणी नाक मुरडलं की म्हणायची, “खाताना नाय वास येत तो?” कंडक्टरसुद्धा हसायचा.

बाजारात तिची जागा ठरलेली होती. पहाटे जाऊन पाटी उपडी घालून ठेवली की ती जागा आत्याची. मग तिने चहा प्यावा, कोणाकडे सुखदुःख बोलत बसावं, दोन तासांनी यावं. पाटीला कोणी हात लावायचं नाही. वारली बायका, गुजराती दुकानदार, भाजीवाले, कोणीही हा नियम मोडलेला मी पाहिला नाही. कुठेही न लिहिलेला नियम, पण कायद्यापेक्षा जास्त पाळला जायचा.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास तिला कमी दिसायला लागलं. सांजेला दिवा लावला की त्याच्याभोवती रंगीत कडी दिसते, असं ती सांगायची. जरा कौतुकानेच सांगायची, जणू फुकटची रोषणाई. मधूनच उजव्या डोळ्याच्या वर ठणकायचं. बाजारातल्या एका डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, “मोतीबिंदू आहे. कच्चा आहे. पिकू दे, मग काढता येईल.” आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. घोलवडपर्यंत चिकूच्या वाड्याच वाड्या. कच्चा चिकू तोडून खात नाहीत हे पोराटोरालाही कळतं. त्यामुळे आत्या डोळा पिकायची वाट पाहू लागली. शेजारणी विचारायच्या, “पिकला काय गो?” ती म्हणायची, “अजून हिरवाच.” आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायचे.

वर्ष असं गेलं. रेल्वेचा दवाखाना आम्हाला होता, आत्याला नव्हता. ती आमच्या घरात राहत नव्हती, म्हणून नियमात बसत नव्हती. मुंबईला न्यायचं तर बाबांना सुट्टी मिळायला हवी, तिथल्या मोठ्या इस्पितळात दोन दिवस रांग, राहायचं कुठे हा प्रश्न. आणि मोतीबिंदूच तर होता. मोतीबिंदूने कोणी मरत नाही.

शेवटी ठणका वाढला तेव्हा ती आपणहूनच एका दुसऱ्या रविवारी मसोलीला आली. आम्हाला कळवलंही नाही. पहाटेच पोहोचली, रांगेत अकरावी. इथे तिने जी चूक केली ती बाजारात बसणारी बाईच करू शकते. तिने पाटी उपडी घातली, जागा झाली असं मानलं आणि आमच्या घरी चहाला आली. आईशी गप्पा मारल्या, भाकरी खाल्ली. निवांत दहाला परत गेली. पाटी जिथे ठेवली होती तिथेच होती. कोणी हात लावला नव्हता. फक्त रांग पुढे निघून गेली होती. मागचे दगड, चपला, किटल्या पाटीला वळसा घालून दारापर्यंत पोहोचल्या होत्या, आणि पाटी एकटीच रस्त्याच्या मधोमध उपडी.

“पण माझी जागा हाय ही,” ती म्हणत राहिली.

“जागा तुझीच आहे मावशी, बस तिथे,” कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

त्यात भर म्हणजे एका कचेरीतल्या साहेबांची बायको चिठ्ठी घेऊन आली आणि मागच्या दाराने आत गेली. तिच्यामागून एक मास्तर. मग स्टेशनातल्या कोणाची तरी सासू. कंपाउंडर त्यांच्यासाठी कडी काढायचा, लावायचा. आत्याचा नंबर लागला नाही.

हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पेटले. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. अन्याय कुठे मिळतोय याची वाटच पाहत होते म्हणा ना. बाबा म्हणाले, “नुसतं चिडून काय होणार? संघटित करा लोकांना.” मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. ‘दृष्टी सर्वांची, रांग सर्वांची.’ बाबांच्या ओळखीच्या छापखान्यात ते पिवळ्या कागदावर छापून आलं. त्यात मागण्या दोनच होत्या: चिठ्ठीवाल्यांसाठी मागचं दार बंद करा, आणि वस्तूंची रांग बंद करून नावांची यादी करा. डॉक्टर महिन्यातून एकदाच का येतात, हे त्यात कुठेही नव्हतं. आज ते पत्रक हातात घेतलं की पहिल्यांदा मला तेच दिसतं. तेव्हा सुचलंच नाही.

पुढच्या दुसऱ्या रविवारी आत्या आदल्या दिवशीच आमच्याकडे राहायला आली. आम्ही दोघी उजाडायच्या आत निघालो. दवाखान्यासमोर कोणी नव्हतं. आत्याने पाटी दाराला टेकवून ठेवली आणि मला म्हणाली, “आज मी दारालाच चिकटून बसणार. बघू कोण वळसा घालतो.”

लोक आले. मी वही काढली, कागदाच्या चिठ्ठ्या काढल्या, नाव लिहून नंबर द्यायला सुरुवात केली. आधी लोक कुरकुरले, मग त्यांना आवडलं. दगड ढकलायला नको. चिंचेखाली स्वस्थ बसता येतं. साहेबांची बायको पुन्हा आली होती. मी मागच्या दाराशी उभी राहिले. माझ्याबरोबर आठ-दहा बाया उभ्या राहिल्या.

“तुला माहीत आहे का माझे मिस्टर कोण आहेत?” त्या म्हणाल्या.

“त्यांचे डोळे दुखत असतील तर त्यांचंही नाव लिहिते,” मी म्हणाले.

बाया खदखदून हसल्या. साहेबांच्या बायकोने तोंड फिरवलं, पण नंबर घेतला. सव्विसावा. त्या दिवशी मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला वाटलं, जग असंच बदलतं. एक वही, एक पेन्सिल आणि थोडी हिंमत.

आता आत्याच्या नंबराविषयी. आमच्या घरात एक नियम होता, आजोबांच्या बोटीवरचा. बोट किनाऱ्याला लागली की मासळीचे ढीग घालतात, एकेका खलाशाचा एकेक वाटा. ज्याने ढीग घातले त्याने आधी हात लावायचा नाही. सगळ्यांनी उचलल्यावर जो उरेल तो त्याचा. म्हणजे ढीग लहानमोठे करायची त्याला बुद्धीच होत नाही. बाबा हे युनियनच्या सभेत सांगायचे, “वाटणाऱ्याने शेवटचा वाटा उचलायचा.” मी त्यावर वाढले होते. मी यादी करतेय आणि पहिलं नाव माझ्या आत्याचं, हे कसं दिसेल? साहेबांच्या बायकोत आणि माझ्यात फरक काय?

म्हणून मी आत्याचं नाव लिहिलं नाही. दार उघडेपर्यंत जे जे आले त्यांना नंबर दिले. बेचाळीस झाले. त्रेचाळिसावी आत्या. मनात म्हटलं, दोन-चार जण कंटाळून जातातच. आत्याला सांगितलं तेव्हा तिने काही विचारलं नाही. “तू शिकलेली. तू सांगशील तसं,” म्हणाली आणि दाराला टेकवलेली पाटी उचलून चिंचेखाली गेली.

त्या दिवशी कोणीच कंटाळून गेलं नाही. यादी होती ना. प्रत्येकाला ठाऊक होतं की आपला नंबर नक्की आहे.

तिसाव्या नंबराच्या सुमाराला आत्या कपाळ दाबून बसलेली दिसली. मी जवळ गेले.

“डोकं फुटतंय गो बाय. मळमळतंय.”

“उन्हाने असेल. पाणी आणू?”

“पाणी नको. आत कधी जायचं?”

कंपाउंडर हे बघत होता. तो गुजराती होता, आणि एरवी माझ्यावर चिडलेला. पण त्या वेळी तो हळूच माझ्याजवळ आला. “बेन, त्यांना मागून आणा. पाच मिनिटांचं काम. मी डॉक्टरसाहेबांना सांगतो. कोणाला कळणार नाय.”

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. मी ती ऐकू यावी अशी इच्छा धरली होती, पण नव्हती. मी मोठ्याने, चिंचेखालच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मागचं दार बंद झालंय. माझ्या आत्यासाठीसुद्धा.”

“शाब्बास पोरी!” एक म्हातारा ओरडला. दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो. वाजवणाऱ्यांचा नाही. ज्या कानांनी मी त्या ऐकल्या त्या कानांचा.

कंपाउंडरने खांदे उडवले. “जेवी तमारी मरजी,” म्हणाला आणि आत गेला.

चाळिसावा पेशंट बाहेर आला आणि डॉक्टर बॅग घेऊन निघाले. रिक्षा उभीच होती. मी आत्याला म्हटलं, “पुढच्या महिन्यात पहिला नंबर तुझा. तुम्हा तिघांचा.” कारण एक्केचाळीस आणि बेचाळीसही राहिले होते. तेही माझ्याकडेच पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता.

पुढच्या महिन्यात दवाखान्याच्या दारावर खडूने लिहिलेलं होतं: डॉक्टर बाहेरगावी असल्याने येणार नाहीत. इतकंच. लोक ते वाचून, ज्यांना वाचता येत नव्हतं ते विचारून, परत गेले. मी कंपाउंडरला म्हटलं, “आधी का कळवलं नाही?” तो म्हणाला, “मलाच काल कळलं. तुम्ही एक पत्रक काढा ना.” टोमणा होता. लागला.

मधल्या दिवसांत मी एकदा आत्याबरोबर तलासरीच्या बाजाराला गेले. ती जागेवर बसली होती, पाटी समोर. उजव्या बाजूने एक वारली बाई आली, वाकून उभी राहिली, बोंबिलाची जुडी उचलून बघू लागली. आत्या सरळ समोर बघत होती. बाईने दोनदा हाक मारली तेव्हा आत्याने दचकून पूर्ण मान वळवली.

“कधी आलीस गो?”

“कवाची उभी हाय,” बाई म्हणाली.

आत्या हसली. जुडी दिली. बाई गेल्यावर मला म्हणाली, “या बाजूचं गिऱ्हाईक भुतासारखं येतं. एकदम.” मला तेव्हाही कळलं नाही. मी मोतीबिंदू पिकत आला असं समजले.

त्याच्या पुढच्या महिन्यात डॉक्टर आले आणि आत्या खरोखर पहिली आत गेली. मी बरोबर. डॉक्टर वाईट नव्हते. थकलेले होते. त्यांनी डोळ्यात थेंब टाकले, बुबुळावर एक छोटं उपकरण टेकवलं, काहीतरी मोजलं. मग उजव्या बाजूला बोटं धरून विचारलं, “किती?”

“तीन,” आत्या म्हणाली.

बोटं नव्हतीच. त्यांनी हात कधीच खाली घेतला होता.

“काचबिंदू आहे,” ते मला म्हणाले. “उजव्यात आता काही उरलेलं नाही. डाव्यात आहे ते सांभाळायचं. हे थेंब रोज, न चुकता. आणि मुंबईला घेऊन या.”

आत्याने मध्येच विचारलं, “म्हणजे अजून पिकायचा हाय?”

“हा पिकत नाही, बाई. हा आतून खातो. कोणी सांगितलं पिकायचा?”

“सगळ्यांनीच.”

डॉक्टरांनी कागदावर लिहायला घेतलं. “आधी यायला हवं होतं,” ते खाली बघूनच म्हणाले.

“किती आधी?” मी विचारलं.

ते लिहीत होते.

“डॉक्टर, किती आधी? एक वर्ष? की दोन महिने?”

त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग कागद माझ्या हातात दिला आणि दाराकडे बघून म्हणाले, “चला, पुढचा.” दुसरा नंबर दारात उभाच होता. हातात चिठ्ठी होती. चिठ्ठीवरचा आकडा माझ्या अक्षरातला.

या प्रश्नाचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. एक वर्ष असेल तर दोष बाजारातल्या बॅटरीवाल्या डॉक्टरचा, आमच्या चिकूच्या अकलेचा, ज्या सरकारने एवढ्या मुलखाला डोळ्यांचा एक कायमचा माणूस दिला नाही त्याचा. दोन महिने असेल तर माझा. मी पुढे मुंबईला तिच्याबरोबर गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. सांगता येत नाही हे खरंही असेल. पण मला तेच उत्तर हवं होतं आणि तेच मिळालं, म्हणून माझा त्यावर विश्वास बसत नाही.

त्या रविवारी बाहेर आल्यावर आत्या चिंचेखाली बसली. लोक माझ्याकडे नंबर मागत होते. मी त्यांना थांबा म्हटलं आणि तिच्याशेजारी बसले. मला रडू येत होतं. मी सांगायला लागले, की आत्या, मी तुला मागे ठेवलं ते, तुला माहीत आहे आपल्याकडे, वाटणाऱ्याने शेवटचा...

“ते मला नको शिकवू,” ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “माझ्या बापाच्या बोटीवरचं हाय ते. वाटणाऱ्याने शेवटचा वाटा आपला उचलायचा. आपला. मी कुठे वाटत होते गो? मी तर दाराशी बसले होते. तू माझा उचललास.”

मी वही मिटून मांडीवर ठेवली.

“डोळा तुझा असता,” ती म्हणाली, “तर ठेवला असतास त्रेचाळीस नंबर?”

मी विचार केला. ती वाट बघत होती, म्हणून खरंच विचार केला. पत्रकांवर वाढलेली मी, मला वाटतं ठेवला असता. टाळ्यांसाठी तरी. पण तिला हे सांगण्यात अर्थ नव्हता. डोळा माझा नव्हता.

त्यानंतर मी दुसरं पत्रक लिहिलं, आणि एक अर्ज. या भागात डोळ्यांचा कायमचा डॉक्टर हवा. फक्त एवढंच. गावोगाव फिरून सह्या आणि अंगठे घेतले. आत्याकडे गेले तेव्हा तिने विचारलं, “कितवी मी?” मी म्हटलं, पहिली. तिने अंगठा उठवला आणि पदराला पुसला. अर्जाचं उत्तर आलं, की आपला अर्ज योग्य त्या विचारासाठी पुढे पाठवला आहे. पुढे म्हणजे कुठे, ते लिहिलेलं नव्हतं. तो अजून पुढे जातोच आहे.

आत्या अजूनही बाजारात बसते. डाव्या डोळ्यात थेंब टाकते, न चुकता. तिने जागा बदलून घेतली आहे. कोपऱ्यावरच्या कांदेवालीने आपली वीस वर्षांची जागा तिला दिली, कारण तिथे उजव्या हाताला भिंत आहे आणि त्या बाजूने कोणी येऊ शकत नाही. काही मागितलं नाही, यादी केली नाही. एका सकाळी आत्याची पाटी उचलून तिथे उपडी घातली, झालं.

मी बाजारात गेले की लांबूनच हाक मारते आणि समोरून चालत जाते. तरी अगदी जवळ पोहोचेपर्यंत ती मान तिरकी करून बघत राहते आणि विचारते, “कोण गो?”